‘सण आला, आनंद झाला’ याच्या पुढे काय लिहायचं?

या वेळची बरीचशी पत्रं एकाच विषयावरची आहेत. सुट्ट्या जवळ आल्या की शाळेत भित्तिपत्रक लावायचं असतं, त्याला कविता हव्या असतात, आणि मग एकदम लक्षात येतं की मुलांना कविता वाचायला शिकवली, पाठ करायला लावली, तिचं रसग्रहणसुद्धा लिहून घेतलं, पण लिहायची कशी हे कुणी कधी सांगितलंच नाही. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत. काही उत्तरं लांबलीत, काही दोन ओळींत आटोपलीत, त्याबद्दल रुसू नका.

प्रश्न : ताई, मी सहावीला मराठी शिकवते. दरवर्षी सुट्टीच्या आधी ‘सण’ या विषयावर कविता लिहायला देते आणि दरवर्षी अख्खा वर्ग एकच कविता लिहून आणतो. सण आला, आनंद झाला, घर सजले, सगळे हसले. मुलं हुशार आहेत हो, गप्पा मारताना काय काय सांगतात, पण कविता म्हटलं की सगळी एका सुरात. असं का होतं?

बाई, मुलं तुमच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर देतायत, गडबड प्रश्नातच आहे. ‘सण’ हा विषय इतका मोठा आहे की त्यात शिरायचं कुठून हे मोठ्यांनाही कळत नाही, मग मूल काय करतं, तर मोठ्यांना काय ऐकायला आवडतं ते आठवतं आणि शुभेच्छापत्रावरचा मजकूर लिहून मोकळं होतं. त्यानं स्वतः काय बघितलं हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

म्हणून विषय बारीक चिरून द्या. वेळ बारीक करा, जागा बारीक करा, माणूस एकच घ्या. आदल्या रात्री साडेदहाला घरात कोण जागं होतं आणि काय करत होतं? पाहुणे गेल्यावरची पहिली दहा मिनिटं कशी असतात? नवा कपडा नेमका कुठे टोचतो? त्या दिवशी तुला कुठलं काम सांगतात आणि कुठल्या कामाला अजून हात लावू देत नाहीत? घरात सगळ्यात आधी कोण चिडतं आणि कशावरून? असले प्रश्न विचारले ना की वर्गात हसू फुटतं, आणि हसू फुटलं की समजायचं आता खरं काहीतरी हाताला लागणार आहे.

आणि पहिली पंधरा-वीस मिनिटं ‘कविता’ हा शब्दच तोंडातून काढू नका. फक्त यादी करायला सांगा. दिसलेलं, ऐकलेलं, वास आलेलं, हाताला लागलेलं, कुणीतरी बोललेलं एखादं वाक्य जसंच्या तसं. शुद्धलेखन नाही, पूर्ण वाक्य नाही, क्रम नाही, काही नाही. मग वह्यांची अदलाबदल करायची आणि शेजाऱ्याच्या यादीत जे जे आपल्याही यादीत आहे त्यावर दोघांनी काट मारायची. मुलांना हे भारी आवडतं कारण खोडायला मिळतं. काट मारून जे उरतं ते त्या एकट्याचं असतं, आणि कविता त्यातूनच करायची. समजा एखाद्या मुलीच्या यादीत शेवटी एवढंच उरलं :

पाहुणे गेले.
सोफ्यावर अजून खड्डा आहे.
आजीनं चष्मा काढला
आणि पंख्याकडे बघत
कुणालाच नाही, असं म्हणाली,
‘झालं एकदाचं.’

यात सण हा शब्द नाही, आनंद नाही, उत्साह नाही, पण सण आहे की नाही सांगा. दमलेला सण आहे. आणि हे लिहायला त्या मुलीला शब्दसंपत्ती वगैरे काही लागलेली नाही, फक्त आजीकडे लक्ष असावं लागलं.

आता यमकाचं. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे आला-झाला-गेला-केला, आली-झाली-गेली-केली अशी यमकं फुकटात मिळतात. मुलाला वाटतं जमली कविता, कारण कानाला जुळल्यासारखं वाटतं, आणि तिथेच त्याचं डोकं चालायचं थांबतं. ‘सण आला’ लिहिलं की ‘आनंद झाला’ आपोआप येतो, तो मुलानं लिहिलेलाच नसतो, तो यमकानं लिहिलेला असतो. म्हणून पहिल्या खर्ड्यात यमक बंद. अमेरिकन कवी केनेथ कोक यांनी १९६८ पासून न्यूयॉर्कच्या एका सरकारी प्राथमिक शाळेत मुलांना कविता लिहायला शिकवली, त्यांनीही यमक बाजूला ठेवायला सांगितलं होतं आणि त्याऐवजी सगळ्या वर्गाला ओळीची एक साधी सुरुवात दिली होती, प्रत्येक ओळ ‘मला वाटतं असं व्हावं’ या धर्तीची. सुरुवात ठरलेली असली की कोऱ्या कागदाची भीती जाते आणि पुढचं सगळं ज्याचं त्याचं. आपल्याला ‘सुट्टीच्या दिवशी आमच्या घरात…’ किंवा ‘कुणाला माहीत नाही पण त्या दिवशी…’ अशी सुरुवात घेता येईल. दुसरी जास्त चालते, गुपित सांगायला कोण नाही म्हणणार.

दुसऱ्या खर्ड्यात ज्याला यमक हवंच आहे त्याला एकच अट घालायची, ओळ क्रियापदावर संपवायची नाही. ‘दारात चपलांचा ढीग, आत माणसांची रीघ’ असं काहीतरी येईल. ढीग आणि रीघ हे काही काटेकोर यमक नाही, पण कानाला गोड लागतं आणि डोळ्यांपुढे चित्र उभं राहतं, अजून काय पाहिजे!

फळ्याच्या कोपऱ्यात एक चौकट करून त्यात आनंद, उत्साह, मजा, जल्लोष, रंगीबेरंगी हे शब्द लिहून टाका, हे शब्द आज सुट्टीवर. (कुणीतरी लगेच ‘हर्ष’ वापरणार, तयारीत राहा.) मजा आली असं लिहायचं नाही, कशात आली ते लिहायचं.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सुट्टीच्या आधी लिहिलेली कविता ही वाट बघण्याची कविता असते, कारण सुट्टी अजून झालेलीच नाही. तुम्ही मुलांकडून सुट्टीच्या आधी सुट्टीचं वर्णन मागता तेव्हा त्यांनी ते आणायचं कुठून? मागच्या वर्षीचं आठवत नाही, या वर्षीचं घडलेलं नाही. त्यामुळे आधी लिहून घ्यायचीच असेल तर विषय ‘वाट बघणं’ हाच द्या, दिवस मोजणं, कॅलेंडर, शेवटच्या तासाला घड्याळाकडे बघणं. आणि सणावरची खरी कविता शाळा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात लिहून घ्या. भित्तिपत्रक उशिरा लागेल, लागू दे. मुख्याध्यापकांना मात्र आधी सांगून ठेवा.

प्रश्न : मी ‘प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर उभं वाचलं की सणाचं नाव’ अशी कविता पाचवीला दिली. इंग्रजीच्या तासाला मुलं पटापट करतात, मराठीत सगळी अडकली. माझं काही चुकतंय का? — एक सर

सर, तुमचं काही चुकत नाहीये, ळ आणि ण आडवे आलेत. मराठीत ळ नं सुरू होणारा शब्द नाही, ण नं सुरू होणारा रोजच्या वापरातला शब्द नाही, आणि आपल्या सणांच्या नावांत नेमकी हीच अक्षरं ठासून भरलीयत. दिवाळी, होळी, नाताळ, तिन्हींत ळ. साधा ‘सण’ घ्यावा तर दुसऱ्याच ओळीला ण. ‘सुट्टी’ घेतली तर ट्टी, म्हणजे तिथेही गाडी अडली. ईद दोनच अक्षरांची, सोपी वाटते, पण ई नं सुरू होणारे शब्द मुलांना ईश्वर, ईर्ष्या यापलीकडे आठवत नाहीत, तिथे इ चालवून घ्या, उगाच ऱ्हस्व-दीर्घावरून अडवू नका.

सुटका दोन प्रकारे होते. एक म्हणजे सरळ चालणारी नावं निवडायची, दसरा, पाडवा, रमजान, संक्रांत ही कुठे अडत नाहीत. दुसरी वाट मला जास्त आवडते, अडणारं अक्षर ओळीच्या सुरुवातीला नाही, शेवटी आणायचं. ळ आणि ण ही ओळीच्या शेवटाला फार छान बसणारी अक्षरं आहेत. वेळ, खेळ, गोंधळ, सकाळ. कोण, पण, क्षण, अंगण. म्हणजे ‘सण’ असा होईल :

सकाळी घंटा नाही, तरीही
बरोबर सहाला उठवतं कोण?

आणि ‘दिवाळी’ अशी :

दिवा लागायच्या आधीच
वाटेवर उभी राहते
भावंडांची टोळी

ते अक्षर मुलांनी रंगीत पेन्सिलीनं ठळक करायचं, म्हणजे वाचणाऱ्याला खेळ कळतो. तरी एक सांगते, हा प्रकार शब्दांचा खेळ म्हणून उत्तम आहे, पण वर्षानुवर्षं तेवढंच देत राहिलात तर मुलं कविता म्हणजे शब्दकोडं समजायला लागतात. एकदा घ्या, हसा, पुढे चला.

प्रश्न : आमच्या वर्गात वेगवेगळ्या घरांतली मुलं आहेत. एका सणाचं नाव घेतलं की दोन-चार जणं गप्प बसतात. आणि या वर्षी एका मुलाचे वडील गेले, त्यांच्याकडे सण नाहीच. त्याला मी ‘सणावर कविता लिही’ कसं सांगू?

सणाचं नाव घेऊच नका. ‘शाळा नव्हती तो दिवस’ असा विषय द्या, तो सगळ्यांच्या घरात येतो. किंवा हा विषय देऊन बघा, ‘त्या दिवशी कुणाला सुट्टी नसते?’ नर्स, ड्रायव्हर, पहारेकरी, वीज गेली तर खांबावर चढणारा माणूस, आणि सकाळपासून स्वयंपाकघरातून बाहेरच न आलेली घरातली कुणीतरी. ज्या मुलांच्या आईवडिलांना सणाच्या दिवशीही ड्युटी असते ती मुलं या विषयावर असं काही लिहितात की बाकीचा वर्ग ऐकत राहतो, कारण त्या दिवसाची ही बाजू शुभेच्छापत्रावर कधी छापलेली नसते. सण साजरा न करणाऱ्या घरातल्या मुलाला खिडकीतून दुसऱ्यांचा सण दिसतो ना, तीही कविताच आहे. त्यासाठी त्याला त्या सणाची माहिती असायची गरज नाही.

त्या मुलाचं जरा जपून. सगळ्यांसमोर ‘तू नको लिहूस’ म्हणायचं नाही, आणि त्याच्याकडून लिहूनही घ्यायचं नाही. सगळ्या वर्गालाच तीन-चार विषय द्या आणि त्यात एक ‘या वर्षी काय वेगळं होतं’ असा ठेवा. त्याला वाटलं तर तो उचलेल. नाही तर घड्याळावर लिहील, मांजरावर लिहील, त्याची मर्जी. आधी त्याला बाजूला घेऊन हळूच सांगून ठेवा की आज लिहावंसं वाटलं नाही तर नुसतं बसलास तरी चालेल. लिहिलंच तर पहिल्यांदा वेलांटी-उकार तपासू नका, मजकूर वाचा, आणि त्याला विचारल्याशिवाय वर्गात मोठ्यानं वाचून दाखवू नका. ‘नको’ म्हणाला तर नको.

अजून एक, हे थोडं कडू वाटेल. आपल्याला दुःखाची कविता दिसली की आपण फार हळवे होतो, तिचं इतकं कौतुक करतो, स्टाफरूममध्ये फिरवतो, की त्या मुलाला कळतं आपल्याकडून आता हेच हवंय. मग तो प्रत्येक विषयात वडिलांना आणायला लागतो. तसं होऊ देऊ नका. पुढच्या वेळी त्यानं क्रिकेटवर चार विनोदी ओळी लिहिल्या तर त्याच्याकडेही तितक्याच मनापासून बघा. आणि लिहिण्यातून काळजी वाटावी असं काही जाणवलं, तर ते कवितेवरच्या शेऱ्यात लिहायचं नसतं, घरच्यांशी आणि शाळेत समुपदेशक असतील तर त्यांच्याशी बोलायचं.

प्रश्न : हल्ली सगळे मुक्तछंदच देतात. मला मुलांना छंदात लिहायला शिकवायचंय, पण लघु-गुरू सुरू केलं की वर्ग झोपतो. सणाच्या कवितेतून छंद शिकवता येईल का? आठवीचा वर्ग आहे.

येईल की, आणि छान येईल, फक्त मात्रांपासून सुरू करू नका, अक्षरं मोजण्यापासून करा. अभंग घ्या. मोठ्या अभंगात चार चरण, पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. मोजताना जोडाक्षर एकच धरायचं, अनुस्वार वेगळा मोजायचा नाही, आणि बोलताना शेवटचं अक्षर तोडून म्हटलं (घर, शेवट) तरी लिहिताना ते पूर्ण अक्षर धरायचं. एवढे तीन नियम फळ्यावर लिहिले की झालं, बाकी सगळं बोटांवर.

सुट्टीच्या सकाळी
दप्तर झोपले
घड्याळ कोपले
माझ्यावर

मोजून बघा, सहा, सहा, सहा, चार. (इथेही यमक क्रियापदांचंच आहे, वरच्या बाई मला पकडणार. पण झोपले-कोपले हे आला-झालासारखं आयतं नाही मिळत, आणि घड्याळ कोपलंय हे यमक शोधता शोधताच सुचलं. यमकानं नवीन काही सुचवलं तर ते ठेवायचं, जुनंच ओकलं तर काढायचं.) अभंगाची खरी गंमत त्या चौथ्या छोट्या चरणात आहे. तिथे जागा चारच अक्षरांची असते, त्यामुळे मुलांना तिथे पाल्हाळ लावताच येत नाही, जे बोलायचं ते ठाम बोलावं लागतं. आधी सगळ्या वर्गानं मिळून एक कडवं फळ्यावर करा, पहिले तीन चरण तुम्ही द्या आणि चौथ्यासाठी वर्गाकडून चार-चार अक्षरं मागा. ‘माझ्यावर’, ‘उगाचच’, ‘रुसूनिया’, काय काय येतं बघा. टाळ्या वाजवत म्हणायला लावा, कुठे अक्षर कमी-जास्त झालं ते कानच सांगतो. दोन-तीन तास अक्षरं मोजून झाली की मग लघु-गुरू काढा, तोवर मुलांना आपल्या ओळीत काहीतरी मोजता येतं याची सवय झालेली असते, मग तितकं जड जात नाही.

हायकू, म्हणजे तीन छोट्या ओळींची जपानी कविता, मागणारी तीन पत्रं आहेत, म्हणून इथेच सांगते. मराठीत हायकू रुजवला कवयित्री शिरीष पै यांनी. जपानीत तो पाच-सात-पाच अशा ध्वनिघटकांचा असतो, मराठीत तोच हिशोब अक्षरांनी करायचा म्हटलं तर करता येतो, पण मराठीत चांगले हायकू तो हिशोब न पाळताही लिहिले गेलेत, तेव्हा आकड्यावर मार्क कापू नका. आकड्यापेक्षा कामाची गोष्ट दुसरीच आहे. पारंपरिक हायकूत ऋतू सांगणारा एक शब्द लागतो, आणि जपानी लोकांनी अशा शब्दांचे ऋतूवार कोशच केलेत, त्यात वसंत, ग्रीष्म, शरद, हिवाळा यांच्या जोडीला नववर्षाचा पाचवा विभाग वेगळा असतो. म्हणजे सणाला त्यांनी ऋतूच करून टाकलं. वर्गात हेच करा. ‘नाव न घेता सुट्टी कळली पाहिजे असा एक शब्द किंवा एक वस्तू सांगा’ म्हणायचं आणि वर्गाचा आपला कोश तयार करायचा, एका मोठ्या कागदावर, वर्षभर भिंतीवर ठेवायचा. मग त्यातली एक वस्तू घेऊन तीन ओळी.

सुट्टी संपली
दप्तराच्या तळाशी
वाळूचे कण

इथे मूल कुठे गेलं होतं, काय केलं, परत यायला किती जिवावर आलं, काही सांगितलेलं नाही, वाळूनं सांगितलं. मुलं पहिल्या फटक्यात तिसऱ्या ओळीत ‘वाईट वाटले’ लिहितात, तेवढं खोडायचं.

प्रश्न : पहिली-दुसरीच्या मुलांचं काय? त्यांना अजून धड लिहिता येत नाही, पण कार्यक्रमात त्यांच्याही कविता हव्यात म्हणतात.

त्यांनी बोलायचं, तुम्ही लिहायचं. जसं बोलतील तसंच, तुमच्या पुस्तकी भाषेत सुधारून नाही. पाच-सहा वर्षांचं मूल बोलता बोलता जी वाक्यं टाकतं ती आपल्याला जन्मात सुचणार नाहीत, फक्त ती त्या क्षणी टिपावी लागतात.

आकाराची कविता या वयाला आवडते, म्हणजे पतंगाच्या आकारात शब्द, चांदणीच्या आकारात शब्द. पण आकार नुसता सजावटीला नको. जॉर्ज हर्बर्ट या इंग्रज कवीची ईस्टरच्या सणावरची एक कविता १६३३ मध्ये छापली गेली, तिच्या ओळी लहान होत होत पुन्हा मोठ्या होतात आणि कागद आडवा धरला की पंखांसारख्या दिसतात. माणूस खचत जातो तिथे ओळ आखडते आणि तो सावरतो तिथे ओळ पसरते, म्हणजे आकार अर्थाचं काम करतो. दुसरीच्या मुलाला हे सगळं सांगायची गरज नाही, त्याला एवढंच म्हणा की ‘फुगा फुगतो तशी ओळ मोठी मोठी करत जा आणि शेवटी एका शब्दात फोड.’ बरोबर करतं.

प्रश्न : माझा आठवीतला मुलगा सणाची कविता मोबाईलवर एआयकडून करून घेतो आणि बाई त्यालाच ‘उत्तम’ देतात. मी काय करू? — एक आई

बाईंना सांगा की कविता वर्गातच लिहून घ्या आणि वर सांगितलेली यादी कवितेला जोडायला लावा. यादी नाही तर कविता नाही. तुमच्या सोफ्यावर खड्डा कुठे पडलाय हे कुठल्याही ॲपला माहीत नाही, त्यामुळे प्रश्न नेमका असला की ॲप आपोआप बाद होतं. उलट ‘सण या विषयावर आठ ओळी’ एवढंच मागितलं तर ॲप काय, आपण मोठेही तेच लिहिणार. आणि घरी त्याला रागावण्यापेक्षा एकदा त्या ॲपची कविता दोघं मिळून वाचा आणि यात आपल्या घरातलं काय आहे ते शोधायला सांगा. बहुतेक काहीच सापडणार नाही, तेव्हा तोच हसेल.

ज्या आया-बाबा स्वतः कविता लिहून मुलाच्या नावानं पाठवतात त्यांनाही हेच लागू आहे हं.

प्रश्न : कवितेला मार्क कसे द्यायचे? दहापैकी म्हणतात.

कवितेला देऊ नका, कामाला द्या. यादी केली का, खोडाखोड केली का, दुसरा खर्डा पहिल्यापेक्षा वेगळा आहे का, वर्गात दुसऱ्याचं नीट ऐकलं का. यातच दहा मार्क सहज बसतात. शेरा लिहायचा तर ‘छान’ लिहू नका, ‘छान’ वाचून मुलाला काही कळत नाही, त्याची कुठली ओळ तुमच्या डोक्यात राहिली ती ओळ उतरवून काढा. आणि स्पर्धा शक्यतो नको, सणाच्या कवितेत पहिला नंबर म्हणजे कुणाच्या घरचा सण भारी याचा निकाल लावल्यासारखं होतं.

प्रश्न : मी सातवीत आहे. बाईंनी सुट्टीवर कविता लिहायला सांगितली आहे पण आम्ही सुट्टीत कुठेच गेलो नाही आणि काहीच झालं नाही. सगळे फिरायला जाऊन आले. मी काय लिहू?

तुझं पत्र मला सगळ्यात आवडलं. ‘काहीच झालं नाही’ हा मस्त विषय आहे, आणि तुझ्या वर्गात तो बहुतेक तुझा एकट्याचाच असणार. बाकी सगळे डोंगर आणि समुद्र आणणार, आणि सगळ्यांचे डोंगर सारखेच दिसणार बघ.

तू दुपारचे तीन घे. घरातले झोपलेत, फोन मिळत नाहीये, बाहेर ऊन आहे, तू काय करतोस किंवा करतेस? (नाव लिहिलं नाहीस पत्रावर.) कुठे बसतोस, काय ऐकू येतं, छताकडे बघितलंस तर तिथे काय आहे, फरशीचा कुठला तुकडा गार लागतो? कंटाळा कुठे येतो, डोळ्यांत, पायांत की पोटात? आणि जे मित्र फिरायला गेले होते त्यांच्याबद्दल काय वाटलं ते खरं लिही, हेवा वाटला असेल तर हेवा लिही, बाई रागावणार नाहीत. अजून एक आकार सांगते, हिरा. ही सात ओळींची कविता असते, १९६९ मध्ये आयरिस टिट नावाच्या अमेरिकन बाईंनी शाळेतल्या मुलांसाठी केलेली, पहिल्या ओळीत एक शब्द, मग दोन, तीन, चार, परत तीन, दोन, एक. वरच्या टोकाला एक गोष्ट आणि खालच्या टोकाला तिच्या उलट गोष्ट, आणि मधल्या चार शब्दांत वरून खाली उडी. अशी :

शाळा
लांबलचक, ठरलेली
धावणं, लिहिणं, दबकणं
घंटा, फळा, उशी, गच्ची
लोळणं, भांडणं, कंटाळणं
सैल, संपणारी
सुट्टी

माझी आहे ही, तू कॉपी करायची नाहीस. तुझ्या टोकांना शाळा-सुट्टीच पाहिजे असंही नाही, ‘गेलेले’ आणि ‘उरलेले’ ठेव, किंवा ‘त्यांचा फोटो’ आणि ‘माझी खिडकी’, मग शब्द मोजायच्या नादात एक-दोन जास्त झाले तरी झाले. लिहिलंस की पुढच्या अंकासाठी पाठव, आणि या वेळी नाव घाल.